पहिल्या पाच गोळ्यांनंतर गुण का घसरत होते? टोपीच्या रिव्हॉल्व्हरचे एक प्रकरण

या प्रकरणातली नेमबाज पुण्याची. शाळा-कॉलेजात असताना तिने बालेवाडीच्या रेंजवर 10 मीटर एअर पिस्तुलाचा भरपूर सराव केला होता. पुढे नोकरीसाठी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आली आणि आमच्या नेमबाजी क्लबची सभासद झाली. एअर पिस्तूल आमच्याकडेही आहे, पण तिला ओढ लागली ती काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बारुदाच्या शस्त्रांच्या विभागाची. तिथे नवशिक्यांना शिकवण्याचे काम माझ्याकडे आहे. परदेशात या खेळात मराठी बोलणारे माणूस भेटणे दुर्मीळ, त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून ‘काका’ म्हणते.

तिची अडचण थोडक्यात अशी होती. उभे राहून एका हाताने धरण्याचे तिचे कसब क्लबातल्या बहुतेकांपेक्षा चांगले. ट्रिगरवरचे बोट शिस्तीचे. पहिल्या पाच गोळ्यांचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, सुंदर यायचा, पण त्यातली एखादी गोळी काही कारण नसताना भरकटायची. दुसऱ्या पाचांत गट सैल पडायचा आणि डावीकडे सरकायचा. शेवटच्या तीन गोळ्या तर कुठेही. बेरीज शंभरपैकी सत्तरीच्या पुढे जायला तयार नव्हती. एअर पिस्तुलाच्या सवयीने तिने सगळा दोष स्वतःच्या हाताला दिला होता आणि घरी आरशासमोर तासन्‌तास रिकामे हात धरून उभी राहत होती.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. टोपीच्या रिव्हॉल्व्हरला काडतूस नसते. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात समोरून मोजकी दारू ओतायची, त्यावर शिशाची गोल गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने ठासायची आणि मागच्या निपलवर, म्हणजे भोक असलेल्या छोट्या खुंटीवर, तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की तिची ठिणगी निपलच्या भोकातून दारूपर्यंत जाते. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका अजून दिसतात, त्यांच्याच कुळातले हे शस्त्र. फरक इतकाच की इथे नळीऐवजी कप्पे ठासायचे.

ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा एमएलएआयसी ही संस्था घेते. 1971 पासून तिचे काम चालू आहे. स्पर्धांच्या प्रकारांना जुन्या बंदूककारांची नावे आहेत. 25 मीटरवरच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरच्या प्रकाराला बेल्जियमच्या मारिएटचे नाव दिलेले आहे. त्यात 30 मिनिटांत 13 गोळ्या झाडायच्या आणि त्यातल्या सर्वोत्तम 10 मोजायच्या, म्हणजे जास्तीत जास्त 100 गुण. भरण्याचा वेळही त्या 30 मिनिटांतच. मूळ जुनी रिव्हॉल्व्हरे आणि नव्याने बनवलेल्या प्रतिकृती यांचे गट वेगळे असतात. दारू फक्त काळीच चालते. ती प्रत्येक गोळीसाठी वेगळ्या नळकांडीत आधी मोजून आणावी लागते, डब्यातून थेट कप्प्यात ओतायला बंदी. कारण उघड आहे. कप्प्यात धुमसती राख राहिली असेल तर पेटेल ती एका मापाची दारू, हातातला अख्खा डबा नव्हे. क्लबातली सराव स्पर्धा आम्ही याच नियमांनी घेतो.

जर्मनीत एकेरी बाराची जुन्या पद्धतीची टोपीची पिस्तुले 18 वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय घेता येतात, पण एकाहून अधिक बार भरणाऱ्या रिव्हॉल्व्हरला शस्त्रपरवाना लागतो. त्यासाठी क्लबात किमान 12 महिने नियमित सराव दाखवावा लागतो. दारू स्वतः बाळगायची तर स्फोटक कायद्याखाली वेगळा अभ्यासक्रम करून वेगळी परवानगी काढावी लागते. त्यामुळे पहिले वर्ष तिच्या हातात क्लबचे रिव्हॉल्व्हर होते, तेही देखरेखीखाली.

हे रिव्हॉल्व्हर म्हणजे रेमिंग्टन न्यू मॉडेल आर्मीची इटालियन प्रतिकृती, .44 कॅलिबरची. मूळ शस्त्राच्या नळीवर 14 सप्टेंबर 1858 ही पेटंटची तारीख कोरलेली असल्याने लोक त्याला ‘1858’ म्हणतात. प्रत्यक्षात हे मॉडेल 1863 पासून बनू लागले आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने वापरले. नवशिक्यांना मी कोल्टपेक्षा रेमिंग्टनच देतो. रेमिंग्टनच्या चौकटीला सिलिंडरवरून जाणारी भक्कम पट्टी असते आणि नेम धरायची मागची साइट त्या पट्टीतच खोदलेली असते. जुन्या कोल्टला वरची पट्टी नाही. त्याची मागची साइट घोड्यावरची खाच असते, म्हणजे साइटचा एक भाग हलत्या तुकड्यावर. शिवाय फुटलेल्या टोपीचे तुकडे कोल्टच्या घोड्याच्या खाचेत पडून यंत्रणा अडकण्याचा त्रास जास्त.

इथे एक विषयांतर करतो, कारण मला ते फार जवळचे वाटते. काळ्या दारूत सुमारे 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असते. यादवी युद्ध सुरू झाले त्या 1861 साली उत्तरेच्या सरकारने दारू बनवणाऱ्या ड्यूपाँट घराण्यातल्या लॅमोट ड्यूपाँटला सोरा खरेदीसाठी इंग्लंडला धाडले होते. त्याने तिथे जो सोरा घेतला तो हिंदुस्थानातून आलेला. बिहारच्या मातीतून नोनिया लोक जो सोरा काढत, त्यावर जगातल्या बऱ्याच लढाया लढल्या गेल्या. मी प्रतिकृतीतून बार काढतो तेव्हाही हा धागा मनात असतो.

आता मूळ प्रकरणाकडे. एअर पिस्तुलाचा 10 चा वर्तुळभाग 11.5 मि.मी. रुंद असतो आणि तो 10 मीटरवर. 25 मीटरच्या लक्ष्यावर 10 चा भाग 50 मि.मी. असतो. अंतराच्या हिशोबाने हा दहा एअर पिस्तुलाच्या दहापेक्षा जवळजवळ पाऊणपट मोठा दिसतो. म्हणजे जिचा हात एअर पिस्तुलाला पुरेसा स्थिर आहे, तिला नुसत्या हाताच्या डुलण्यामुळे सत्तरीत अडकण्याचे कारणच नाही. हा हिशोब मी तिला कागदावर करून दाखवला. तिचा विश्वास बसला नाही.

“मग माझा शेवटचा शॉट सातच्या बाहेर का जातो, काका?”

“ते शोधू. पण आधी हात सोडून बाकी सगळं तपासायचं.”

पहिली गोष्ट, ती भरकटणारी एक गोळी. तिचे म्हणणे होते की ही गोळी केव्हाही येते. कधी तिसरी, कधी पाचवी, एखाद्या वेळी पाचांत एकही नाही. अशी अनियमितता दिसली की माणूस स्वतःकडे बोट दाखवतो, आणि नेमके तेच झाले होते. आमच्या क्लबात सहा कप्प्यांपैकी पाचच भरतात, सहावा रिकामा ठेवून घोडा त्यावर टेकवतात. 13 गोळ्यांची वाटणी 5, 5 आणि 3 अशी होते. रिकामा कप्पा कोणता ठेवायचा हे मात्र कोणी ठरवत नसे. सिलिंडर जसा हाती येईल तसा.

आम्ही सिलिंडरवर पक्क्या शाईच्या पेनाने 1 ते 6 आकडे टाकले. मग सहा वेगवेगळे कागद लावले आणि वाळूच्या पिशवीवर हात टेकवून प्रत्येक कप्प्याच्या गोळ्या त्याच्याच कागदावर झाडल्या. या कामाला दुपार जाते. दारूचे माप, ठासण्याचा जोर, टोपी, सगळे एकसारखे ठेवावे लागते, नाहीतर निष्कर्षाला अर्थ नाही. पाच कागदांवरचे गट जवळपास एकाच जागी बसले. चौथ्या कप्प्याचा कागद वेगळाच: भोके विखुरलेली आणि बहुतेक वरच्या बाजूला.

कप्प्यांची तोंडे मोजली तर पाच तोंडे एकमेकांशी जुळत होती आणि चौथे सुमारे 0.1 मि.मी. अरुंद होते. गोळी मुद्दाम कप्प्याच्या तोंडापेक्षा किंचित मोठी घेतात, आमची .454 इंचाची, वजनाला सुमारे 9 ग्रॅम. ठासताना कप्प्याची कड तिच्यावरून शिशाची बारीक कडी तासून काढते आणि गोळी घट्ट बसते. कप्पा अरुंद असेल तर जास्त शिसे तासले जाते आणि नळीत जाणारी गोळी तिथल्या खाचांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार चऱ्यांच्या) मानाने लहान पडते. वायू तिच्या बाजूने निसटतो, वेग कमी होतो. हळू गोळी नळीत क्षणभर जास्त राहते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड वर उचललेले असते. म्हणून भोके वर. खाचांची पकडही सैल, म्हणून ती विखुरलेली.

आता ती अनियमितताही उलगडली. चौथा कप्पा योगायोगाने रिकामा राहिला की गट स्वच्छ, भरला गेला की एक गोळी बाहेर, आणि ती कितवी येईल हे सुरुवात कुठून झाली त्यावर. तिच्या हाताचा यात काडीचा संबंध नव्हता.

उपाय दोन होते. बंदूककाराकडून सगळे कप्पे नळीच्या मापाला तासून घ्यायचे, किंवा चौथा कप्पा कायमचा रिकामा ठेवायचा. शस्त्र क्लबचे, त्यामुळे दुसरा उपाय घेतला. लागतात पाच आणि चांगले आहेत पाच. अनुभवी स्पर्धक आपल्या सिलिंडरचे चांगले कप्पे ओळखून शेवटच्या तीन गोळ्यांसाठी त्यातलेही उत्तम तीन राखतात. नवशिक्याला हे कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. नवे रिव्हॉल्व्हर हातात आले की पहिली दुपार या चाचणीला द्यायला हवी.

दुसरा प्रश्न, पाच गोळ्यांनंतर डावीकडे सरकणारा गट. इथे हाताचा भाग होता, पण मूळ कारण पुन्हा शस्त्रातच. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त वजन घन अवशेषाच्या रूपाने मागे राहते, तीच काजळी. ती नळीत बसते, सिलिंडरच्या तोंडावर बसते आणि सिलिंडर ज्या आसावर फिरतो त्यावरही शिरते. रेमिंग्टनचा आस बारीक आहे. कोल्टच्या जाड आसावर वंगण धरून ठेवणाऱ्या खाचा असतात, तशी सोय याच्यात नाही. ही काजळी हवेतला ओलावा शोषून घेते. दमट दिवशी ती मऊ राहते आणि कोरड्या, उन्हाच्या दिवशी कडक होते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला दमट हवा म्हणजे शस्त्राचे नुकसान इतकेच ठाऊक असते. गंजाच्या बाबतीत ते खरेच, पण झाडताना त्रास देते ती कोरडी हवा. तिच्या सरावाच्या वहीत हे स्वच्छ दिसत होते. पावसाळी संध्याकाळचे गुण बरे, जुलैतल्या कोरड्या दुपारचे सगळ्यात वाईट.

सिलिंडर जड फिरू लागला की घोडा चढवायला जोर लागतो. ती उजव्याच हाताच्या अंगठ्याने घोडा चढवत असे. जोर वाढला की मूठ थोडी फिरते, करंगळी घट्ट होते आणि हात तसाच लक्ष्याकडे जातो. एअर पिस्तुलाची मूठ हाताच्या घडणीप्रमाणे कोरलेली असते, ती हाताला चुकू देत नाही. रेमिंग्टनची मूठ गुळगुळीत आणि घसरडी, ती प्रत्येक गोळीला नव्याने धरावी लागते. मी शेजारी उभे राहून नुसते तिच्या बोटांकडे पाहिले. सहाव्या गोळीपासून पकड बदलत होती, हे तिच्या लक्षात येणे शक्यच नव्हते, कारण तिची नजर फ्रंट साइटवर होती आणि ती तिथेच असायला हवी.

यावर तीन बदल केले. एक, घोडा डाव्या हाताने चढवायचा. झाडताना शस्त्र एका हातात असावे एवढाच नियम, तयारीला दुसरा हात चालतो. डाव्या हाताने घोडा चढवून शस्त्र उजव्या तळव्यात नीट बसवायचे, मग डावा हात खिशात. दोन, आसावर आणि सिलिंडरच्या तोंडावर मेण आणि जनावरांच्या चरबीचे मऊ वंगण. पेट्रोलियमचे ग्रीस वापरू दिले नाही, कारण काळ्या दारूच्या राखेशी मिळून ते डांबरासारखे घट्ट होते. तीन, प्रत्येक पाच गोळ्यांनंतर सिलिंडर काढून त्याचे तोंड आणि आस ओल्या फडक्याने पुसायचा, नळीत एक ओली आणि एक कोरडी चिंधी फिरवायची. एकच, दोन नव्हेत. स्वच्छ नळीतली पहिली गोळी काजळीच्या नळीतल्या गोळीपेक्षा वेगळी जाते, म्हणून नळीची अवस्था दर वेळी तीच असणे हे स्वच्छतेपेक्षा महत्त्वाचे. पुसणे कमी-जास्त झाले की गुण हलतात.

भरण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण या खेळाचे अर्धे कौशल्य तिथे आहे आणि प्रेक्षकाला ते दिसतच नाही. युद्धातल्या मापाने दारू भरली तर धक्का मोठा आणि गट मोठा. लक्ष्यासाठी आम्ही एक ग्रॅमच्या थोडे वर, बारीक दाण्याची दारू घेतो. प्रत्येक शस्त्राचे माप वेगळे आणि उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या आतच. इतकी कमी दारू भरली की गोळी कप्प्यात खोल जाते आणि नळीपर्यंतचा रिकामा प्रवास वाढतो. ती तोंडाजवळ यावी म्हणून दारू आणि गोळीच्या मध्ये रवा भरतात. होय, उपम्याचा रवा. युरोपभर हीच पद्धत आहे. तिने पहिल्यांदा माझ्या पेटीत रव्याच्या नळकांड्या पाहिल्या तेव्हा तिला वाटले की माझा डबा चुकून इथे आला आहे.

रवा घातल्यावर ठासण्याचा जोर महत्त्वाचा होतो. दारूचे दाणे दर वेळी सारखेच दाबले गेले पाहिजेत. ती पहिल्या फेरीत निवांत ठासायची आणि दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत घड्याळाकडे पाहत घाईने. 30 मिनिटे भरपूर वाटतात, पण तीनदा भरायचे, दोनदा पुसायचे, धूर निवळण्याची वाट पाहायची, यात ती संपतात. तिच्या शेवटच्या तीन गोळ्यांचे गुपित हेच निघाले: त्या झाडायला तिच्याकडे दोनच मिनिटे उरायची. आम्ही कामाचा क्रम कागदावर लिहिला आणि टोप्यांशिवाय, दारूशिवाय, नुसता रवा आणि गोळी घेऊन भरण्याचा सराव केला. पेटीत 13 नळकांड्या दारूच्या, 13 रव्याच्या, 13 गोळ्या, ओळीत. रिकामी झालेली नळकांडी उलटी ठेवायची, म्हणजे कप्प्यात दारू गेली की नाही ही शंका उरत नाही. गोळी ठासून झाली की तिच्यावर वंगण, आणि टोप्या सगळ्यात शेवटी, तेही नळी लक्ष्याकडे असतानाच.

सुरक्षेत सूट नाही. सैल गोळी किंवा निपलवर सैल बसलेली टोपी असेल तर एका कप्प्याच्या आगीने शेजारचा कप्पा पेटू शकतो, आणि त्याच्या तोंडासमोर नळी नसते. म्हणून शिशाची तासलेली कडी पूर्ण गोल निघाली का हे प्रत्येक वेळी पाहायचे. टोपी निपलच्याच मापाची घ्यायची, मोठी टोपी चिमटून बसवायची नाही. टोपी फुटली आणि बार झाला नाही, तर शस्त्र हलवायचे नाही. नळी लक्ष्याकडे ठेवून आमच्या क्लबात पूर्ण मिनिटभर थांबतात. चष्मा आणि कानाचे संरक्षण तर आलेच.

इतके झाल्यावर उरला तो हाताचा भाग, आणि तो अगदी छोटा होता. रेमिंग्टनचा घोडा जड आहे आणि त्याचा प्रवास लांब. ट्रिगर सुटल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत साइट स्थिर ठेवावी लागते. एअर पिस्तुलाने ही सवय तिला दिलेलीच होती. नवी होती ती आवाजाची आणि धक्क्याची धास्ती. त्यासाठी जुना उपाय केला. टोप्या मी बसवायच्या, तिने बघायचे नाही, आणि पाचांतल्या एका निपलवर टोपी नाहीच. घोडा रिकाम्या निपलवर पडला की नळीने मारलेली डुबकी तिला स्वतःलाच दिसायची. पहिल्या वेळी ती दचकून हसली. काही आठवड्यांत डुबकी गेली.

क्लबच्या शरद ऋतूतल्या सराव स्पर्धेत तिने 87 गुण केले. जागतिक पातळीवर पदकासाठी नव्वदीच्या मध्याच्याही वर जावे लागते, पण मला बेरजेपेक्षा कागद आवडला. शेवटच्या तिन्ही गोळ्या काळ्या भागात होत्या आणि वेळ संपायला चार मिनिटे बाकी होती.

आता तिचे 12 महिने पूर्ण होत आले आहेत आणि स्वतःचे शस्त्र घ्यायचे चालले आहे. तिचा कल रॉजर्स अँड स्पेन्सरच्या प्रतिकृतीकडे आहे. मूळ शस्त्रे सुमारे 5,000 बनली आणि 1865 मध्ये, युद्ध संपता संपता सैन्याकडे पोचली. त्यामुळे बरीचशी न वापरता पडून राहिली. मुठीचा कोन आणि भक्कम चौकट यांमुळे युरोपातल्या लक्ष्य-नेमबाजांत ते फार लोकप्रिय आहे. दुकानात जाताना तिने मोजमापाच्या पिना सोबत घ्यायचे ठरवले आहे: सहाही कप्प्यांची तोंडे मोजायची, ती नळीच्या खाचांच्या मापाशी ताडायची, घोडा चढवून सिलिंडर किती हलतो ते प्रत्येक कप्प्यावर पाहायचे. दुकानदाराने नाही म्हटले तर दुसरे दुकान.